नवी सांभाळते, जुनी म्हणते सांभाळ!

सगळ्यात आधी कबुली देऊन टाकते. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही. माझ्या लेखी गाड्यांचे दोनच प्रकार... एक, जिचा एसी चालतो आणि दुसरी, जिचा चालत नाही! त्यामुळे या वेळच्या कॉलममध्ये मी चक्क दोन स्पोर्ट्‌स कार्सची तुलना करणार, हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या कार-वेड्या मंडळींनी आधीच हसून घेतलंय. हसा लेको! पण तुमच्यापैकी कितीजण एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, १९७२ ची पोर्शे ९११ आणि तिच्याच खानदानातली २०२० ची ९११ अशा दोन्ही गाड्यांत बसलेत? मी बसलेय. (बसले म्हणतेय, चालवली नाही म्हणतेय. तेवढी अक्कल आहे मला.)

तर झालं असं, की गेल्या ऑक्टोबरमध्ये मी माझ्या मावसभावाकडे जर्मनीला गेले होते. दादा पुण्यात मेकॅनिकल करून तिकडे मास्टर्सला गेला आणि तिकडचाच झाला. राहतो स्टुटगार्टच्या शेजारी, लिओनबर्ग नावाच्या गावात. स्टुटगार्ट म्हणजे मुंबईचं सिस्टर सिटी बरं का, १९६८ पासूनचं. पण मुंबईत लोकलची जी जागा, ती इथे मोटारीची. मर्सिडीज इथली, पोर्शे इथली, बॉश इथली. दादाही त्याच लाइनमध्ये. गाडी घसरायला लागली की तिला ब्रेक लावून सरळ करणारं जे सॉफ्टवेअर असतं ना, त्याच्या टेस्टिंगवर तो काम करतो. मावशी सगळ्यांना सांगते, ‘आमचा गाड्यांचा डॉक्टर आहे’. दादा म्हणतो, डॉक्टर कसला, मी गाड्यांना पडू न देणारी आया आहे.

दादाचे घरमालक तळमजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर मशीन टूल्सच्या कारखान्यात काम केलेले. मी त्यांना मनातल्या मनात ‘आजोबा’ म्हणायला लागले होते, तेव्हा इथेही आजोबाच म्हणू. आजोबांच्या गॅरेजमध्ये दोन ९११. एक त्यांनी तिशीत सेकंडहॅण्ड घेतलेली, १९७२ ची ९११ टी. दुसरी २०२० ची कॅरेरा, आयुष्यभराच्या सेव्हिंगमधून घेतलेली. पण आता दोन्ही ठेवणं जमणार नव्हतं. डावा गुडघा गेलाय आणि जुनीचा क्लच जड. डॉक्टरांनी हात जोडलेत, बायकोने त्याआधीच जोडले होते. एक विकायची, हे ठरलं होतं. कोणती, ते मात्र आजोबा ठरवत नव्हते.

‘तुझी बहीण पत्रकार आहे ना,’ ते दादाला म्हणाले, ‘तिला दोन्हींत फिरवतो. तिला गाड्यांमधलं काही कळत नाही, म्हणजे ती खरं सांगेल.’

आता याला कॉम्प्लिमेण्ट म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा!

आधी थोडा खानदानाचा इतिहास

९११ पहिल्यांदा जगासमोर आली ती १९६३ च्या फ्रँकफर्ट मोटार शोमध्ये. तेव्हा तिचं नाव होतं ९०१. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर गाडीला देण्यावर फ्रान्समध्ये पूजोचा हक्क होता, त्यांनी हरकत घेतली. मग पोर्शेने शून्याच्या जागी एक टाकला आणि झाली ९११. जगातली एवढी फेमस गाडी, आणि नाव ठरलं एका तक्रारीमुळे!

डिझाइन फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचं. गोल दिवे, मागे उतरत जाणारं छप्पर. ती आउटलाइन आजही तीच आहे. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली, तरी लहान मुलाला दोन्हींचे फोटो दाखवले तर ते म्हणेल, ही हिची आई.

आणि दुसरी न बदललेली गोष्ट म्हणजे इंजिन. ते असतं मागे. मधोमध नाही, थेट मागच्या चाकांच्याही मागे. साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर. याने काय होतं? मला दादाने फार छान समजावलं. म्हणाला, ‘आठवतं का, बाबा लूनाच्या कॅरिअरला गॅस सिलिंडर बांधून आणायचे? सरळ जाताना मस्त. पण वळणावर घाबरून एकदम वेग कमी केला की?’ मला आठवत होतं. मागचा भाग स्वतःच्या मनाने वेगळ्याच रस्त्याला निघतो!

अगदी तेच. वळणावर पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलला, की वजन पुढे ढकललं जातं, मागच्या टायरवरचा दाब कमी होतो आणि ते जड बूड लंबकासारखं बाहेर फेकलं जातं. सुरुवातीच्या ९११ मध्ये हा प्रॉब्लेम एवढा होता, की कंपनीने पुढच्या बंपरच्या आत लोखंडी वजनं बसवली होती. स्पोर्ट्‌स कारमध्ये मुद्दाम वजन! नंतर १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलीमीटरने वाढवलं, तेव्हा गाडी जरा माणसात आली. जरा.

सकाळ : जुनी

आजोबांची ९११ टी जरा खास आहे. उजव्या दरवाज्याच्या मागे तिला एक छोटं झाकण आहे. हे ऑईल भरायचं झाकण फक्त १९७२ च्या मॉडेललाच होतं. का? तर वजन मागून थोडं पुढे यावं म्हणून ऑईलची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली होती. आयडिया झकास, पण झालं काय, की पेट्रोल पंपावरची मंडळी त्यालाच पेट्रोलचं झाकण समजून ऑईलच्या टाकीत पेट्रोल भरायला लागली! पुढच्या वर्षी झाकण गायब, टाकी परत मागे. कितीही हुशार इंजिनीअर असू दे, पंपावरच्या माणसाचा विचार केला नाही की संपलं.

मी पुढे बसले. आमचा सहा फुटी दादा मागच्या सीटवर घडी घालून ठेवला, भाषांतरासाठी. मागच्या सीट्‌स म्हणजे नुसत्या नावाला, तिथे फार तर दोन शाळेची दप्तरं मावतील. आजोबांनी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला किल्ली फिरवली आणि मागून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. खडखडाट, शिट्टी आणि पंख्याची घरघर एकत्र. या इंजिनात पाणी नाही, ते थंड होतं हवेने. पाच गोल डायल्स, मध्ये सगळ्यात मोठा आरपीएमचा. हीटर लावला की एक्झॉस्टवर तापलेली हवा आत येते, तिला ऑईलचा हलका वास. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही.

आम्ही गेलो सॉलिट्यूडच्या रस्त्यावर. आज हा जंगलातून जाणारा साधा सार्वजनिक रस्ता आहे, पण १९६५ पर्यंत इथे शर्यती व्हायच्या. १९६२ मध्ये डॅन गर्नीने पोर्शेची फॉर्म्युला वन गाडी इथेच जिंकवली होती, कंपनीच्या घरच्या अंगणात. एक चक्कर अकरा किलोमीटरच्या वर.

आणि मंडळी, खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हेच का ते? वेग काही फार नव्हता. १३० हॉर्सपॉवर, शंभरचा वेग गाठायला साडेनऊ-दहा सेकंद. आजची एखादी टर्बो हॅचबॅक सिग्नलवरून तिच्या बरोबरीने निघेल. पण मग माझं लक्ष आजोबांच्या हातांकडे गेलं. ते सतत हलत होते. अगदी थोडे, पण सतत. रस्त्यावरची प्रत्येक फट, प्रत्येक ओलं पान स्टिअरिंगमधून त्यांच्या तळव्यांना कळत होतं आणि हात उत्तर देत होते. गिअर बदलताना पाय, हात, कान असं सगळं एकत्र काम करत होतं. त्या वीस मिनिटांत आजोबा एक शब्द बोलले नाहीत. आमची आजी पुरणपोळी लाटताना अशीच गप्प व्हायची.

एका उजव्या वळणावर समोर अचानक एक सायकलवाला आला. आजोबांनी पाय उचलला. त्याच क्षणी माझ्या पाठीखालचा गाडीचा भाग डावीकडे सरकला. अगदी वीतभर. पोटात गोळा आला! आजोबांनी स्टिअरिंग किंचित उलटं दिलं, पाय परत हलकेच टेकवला, गाडी सरळ. सगळं एका सेकंदात. मग ते काहीतरी पुटपुटले.

‘काय म्हणाले?’ मी मागे वळून विचारलं.

‘म्हणाले, माझी चूक,’ दादा म्हणाला.

दुपार : नवी

दुपारी पाऊस आला. आम्ही नव्या गाडीत बसलो. दादा पुन्हा मागे, पुन्हा घडी. आणि बॉस... काय ती गाडी! सीट मिठी मारते. आवाज येतो, पण आधी परवानगी विचारून आल्यासारखा. समोर अजूनही मध्यभागी खराखुरा काट्याचा आरपीएम मीटर आहे, दोन्ही बाजूंना स्क्रीन. (२०२४ मध्ये मॉडेल बदललं त्यात हा शेवटचा काटाही गेला, सगळंच डिजिटल झालं.) क्लचचा पेडलच नाही, आठ गिअर ती स्वतः बदलते. आजोबांचा डावा पाय आरामात पसरलेला. सकाळी न बोललेले आजोबा आता गप्पा मारत होते. नातवाची शाळा, पुण्यातला पाऊस, माझं लग्न! (हा प्रश्न जर्मनीतही सुटत नाही हो.)

तेवढ्यात समोर मेसेज आला, की रस्ता ओला आहे, वेट मोड लावा. तिला कळलं कसं? दादाने मागून सांगितलं, पुढच्या चाकांच्या वर मायक्रोफोन आहेत. टायरखालून उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून गाडी ओळखते. सॉलिड ना? मोड मात्र ती स्वतः लावत नाही, तुम्हालाच लावावा लागतो. आजोबांनी लावला नाही. हसले फक्त.

तेच उजवं वळण आलं. या वेळी पाऊस होता, पानं होती आणि वेग सकाळपेक्षा जास्त होता. आजोबांनी मुद्दाम केलं की सवयीने, मला माहीत नाही, पण वळणाच्या मधोमध त्यांनी पाय उचलला. मी सीटला घट्ट धरलं.

काहीच झालं नाही. गाडी रुळावर असल्यासारखी वळली. गप्पाही थांबल्या नाहीत. फक्त समोर एक छोटासा पिवळा दिवा लुकलुकला. दोनदा. आणि विझला.

‘हा दिवा कसला?’ मी विचारलं.

उत्तर द्यायला दादाला अनुवादाची गरज नव्हती. ‘तो मी,’ तो म्हणाला. म्हणजे त्याने नव्हे, पण त्याच्यासारख्या लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरंच कुठे चाललीय, हे सेन्सर्स सतत ताडून बघतात. दोन्हींत फरक पडला, की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडीचं तोंड योग्य दिशेला आणतात. बॉशने १९७८ मध्ये एबीएस आणलं, १९९५ मध्ये ही सिस्टीम मर्सिडीजमध्ये आली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ९११ मध्येही. ‘आमचं बेस्ट काम कोणतं, माहितीये?’ दादा म्हणाला. ‘जे ड्रायव्हरला कळतच नाही ते.’

आजोबांनी दादाला भाषांतर करायला लावलं आणि मग म्हणाले, ‘सकाळी केली तीच चूक मी आत्ता केली. सकाळी मला कळली. आत्ता फक्त दिव्याला कळली.’

मग चांगली कोणती?

संध्याकाळी कॉफी आणि प्लमचा केक घेऊन आम्ही बसलो आणि आजोबांनी विचारलंच. बोला, कोणती ठेवू?

तुम्हाला वाटेल, मी लगेच जुनीच्या बाजूने भाषण ठोकलं असेल. ओल्ड इज गोल्ड वगैरे. मीही तेच करणार होते. ‘जुनी खरी आहे, ती तुमच्याशी बोलते...’ एवढं म्हणेपर्यंत दादाने मला थांबवलं. मी त्याला इतकं सीरियस कधी पाहिलं नव्हतं.

‘अगं, जुन्या गाडीत चूक कळायची हे खरं,’ तो म्हणाला, ‘पण काही लोकांना ती एकदाच कळायची.’

आजोबांनी मान हलवली आणि कपाळावरचे पांढरे केस मागे सारले. खाली एक जुनी खूण होती. १९७९ मध्ये, त्याच रस्त्यावर, असाच पाय उचलला होता. गाडी उलटी फिरून शेतात गेली. सात टाके. ‘मी तेव्हा एकटा होतो, हे माझं नशीब,’ म्हणाले. नंतर कित्येक महिने पावसात गाडी काढली नाही. मग एका रिकाम्या मैदानात जाऊन ती मुद्दाम घसरवायला शिकले, म्हणजे सावरता येईल. सकाळचं ते एका सेकंदातलं सावरणं, त्यामागे सात टाके आणि पंचेचाळीसहून जास्त वर्षं होती.

आता बोला! मला वाटतं, इथे उगाच इमोशनल होऊन जुनीचा जयजयकार करण्यात अर्थ नाही. नवी गाडी प्रत्येक बाबतीत चांगली आहे. वेगाने, ब्रेकने, आरामाने आणि मुख्य म्हणजे माणूस घरी परत येण्याच्या शक्यतेने. चौऱ्याहत्तरीतल्या माणसाला पावसात कुठल्या गाडीतून पाठवाल, असं विचारलं तर माझं उत्तर एका सेकंदात तयार आहे. पण एक गोष्ट नवी करू शकत नाही. ती तुम्हाला शिकवू शकत नाही. ती तुमची चूक दुरुस्त करते आणि तुम्हाला वाटतं, मी काय भारी चालवतो! आजोबा नवीत इतके रिलॅक्स होते, कारण ते जुनीत शिकलेले होते. थेट नवीत बसलेल्याला आपल्याला काय येत नाही, हे कळणार कसं?

मी तसंच सांगितलं. नवी ठेवा. पण दिवा लुकलुकला की मोजा.

आजोबा जोरात हसले. आजी मात्र हसल्या नाहीत, त्यांनी माझ्या प्लेटमध्ये केकचा अजून एक तुकडा ठेवला. मला वाटतं, निकाल त्यांच्या बाजूने लागला होता.

गॅरेजमधला डाग

मी परत आले. जुनीसाठी दोन गिऱ्हाइकं आल्याचं दादाने नंतर कळवलं. एकाने फोनवरच भरपूर किंमत दिली, गाडी न बघता. तो ती एसी गोडाऊनमध्ये झाकून ठेवणार होता, चारपाच वर्षांनी विकायला. जुन्या एअर-कूल्ड ९११ म्हणजे आता एफडीपेक्षा चांगली इन्व्हेस्टमेण्ट मानतात म्हणे. दुसरा शेजारच्या गावातला एक शाळामास्तर, त्याची ऑफर बरीच कमी. आजोबांनी त्याला तीन रविवार बोलावलं. पहिल्या रविवारी इंजिन गरम आणि चालू असताना सपाट जागेवर ऑईल कसं बघायचं ते दाखवलं. दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटरचा आवाज ऐकायला शिकवलं. तिसऱ्या रविवारी त्याला रिकाम्या मैदानात नेलं आणि गाडी घसरवायला लावली. मग गाडी दिली.

परवा दादाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. गॅरेजमध्ये एकच गाडी आणि शेजारच्या रिकाम्या जागेत, फरशीवर, ऑईलचा गोल काळा डाग. खाली दादाने लिहिलं होतं, ‘आजी रोज म्हणतात पुसा. ते म्हणतात, राहू दे.’

आणि हो, आजोबा खरंच दिवा मोजतात. मागच्या महिन्यातला स्कोअर चार!

खरं तर हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण म्हणजे परवा माझं काय झालं ते. फोनची बॅटरी डेड, मॅप बंद, आणि ज्या कोथरूडमध्ये मी सहा वर्षं राहतेय तिथून मला माझ्या मैत्रिणीच्या घरी जाता येईना. तिच्याकडे मी किमान वीस वेळा गेले असेन. वीस वेळा कुणीतरी मला सांभाळून नेलं होतं आणि मला वाटत होतं, मला रस्ता येतो. मेलमधलं स्पेलिंग, मीटिंगची आठवण, एक्सेलमधला फॉर्म्युला, आपल्या दिवसभरात असे किती पिवळे दिवे लुकलुकत असतील? ते बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही, मला घरी सुखरूप पोचायचंय. पण एखाद्या रविवारी, रिकाम्या मैदानात, सगळं बंद करून बघायला काय हरकत आहे?

मी सुरुवात केलीय. काल मैत्रिणीकडे मॅप न लावता गेले. दोनदा चुकले, पण पोचले. तुमचा स्कोअर किती, मला नक्की कळवा. भेटूच, पुढच्या आठवड्यात!

आमनेसामने

९११ टी (१९७२)
इंजिन : २३४१ सीसी, सहा सिलिंडर, हवेने थंड होणारं
ताकद : १३० हॉर्सपॉवर
वजन : सुमारे १०५० किलो
रुंदी : १.६१ मीटर
टॉप स्पीड : ताशी सुमारे २०५ किमी
चूक झाल्यास : लगेच कळवते

९११ कॅरेरा (२०२०)
इंजिन : २९८१ सीसी, सहा सिलिंडर, दोन टर्बो, पाण्याने थंड होणारं
ताकद : ३८५ हॉर्सपॉवर
वजन : सुमारे १५०५ किलो
रुंदी : १.८५ मीटर
टॉप स्पीड : ताशी २९३ किमी
चूक झाल्यास : दिवा बघा